हुकूम कुणाचा?

केळदऱ्याच्या गहिनीनाथ कोतवालानं बावीस वर्षांत दवंडीत स्वतःचा एक शब्द घातला नव्हता. हलगीवर काठी पडली की आधी हुकूम कुणाचा ते सांगायचं, मग काय आहे ते. तहसीलदार साहेबांच्या हुकमानं, ग्रामपंचायतीच्या हुकमानं, कोर्टाच्या हुकमानं. बाप मरताना हलगी देऊन गेला आणि वर एक ताकीदही. "फिरलेली दवंडी माघारी घ्यायची न्हाई. एकदा घेतली की गाव पुन्हा कान देत न्हाई."

तसा माणूस भित्रा. तलाठ्याची मोटारसायकल मांजरसुंब्याच्या फाट्यावर दिसली तरी हा टोपी सारखी करून रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. सरकारच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं आपण, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि वरचा सगळा भार खालच्याच मडक्यावर येतो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. आडात चिखल उरला होता. पाणी होतं एकाच ठिकाणी, उपसा सिंचनाच्या सहकारी संस्थेच्या विहिरीत. चेअरमन सुंदरराव ते सभासदांच्या मोसंबीला देत होते. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. बाग एकदा जळाली की माणूस दहा वर्षं मागं जातो. पण टंचाईत आधी पिण्याचं पाणी, असा कायदा मुंबईत झालेला. त्यावर बोट ठेवून तहसीलदारांनी सोमवारी विहीर गावासाठी ताब्यात घेतली आणि बुधवारी सकाळी गहिनीनाथानं गल्लीगल्लीत तशी दवंडी दिली. आयुष्यात पहिल्यांदाच दवंडी देताना त्याला हसू आवरत नव्हतं. बायका घागरी घेऊन धावल्या, त्यांत त्याची बायको छबुबाई सगळ्यांत पुढं.

पहिला पोहरा आत सुटायच्या आधीच बीडहून कोर्टाचा बेलीफ आला. त्रिंबक त्याचं नाव, गहिनीनाथाच्या जुन्या ओळखीचा. सुंदररावांनी कालच कोर्टातून मिळवलेला मनाईचा कागद त्यानं विहिरीच्या काठावर चिकटवला. उद्याच्या तारखेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही.

"असं कसं? साहेबांचा हुकूम हाय की," गहिनीनाथ म्हणाला.

"साहेब हुकूम देतेत, कोर्ट तो तपासतं," त्रिंबक म्हणाला. "कायदा करणारे मुंबईत, राबवणारे तहसिलात, अन् जाब इचारणारे आमच्याकडं. तिघांनी एकमेकाच्या ताटात हात घालायचा न्हाई, पर एकमेकावर नजर ठेवायची. सगळं एकाच्याच हातात दिलं तर तुमचं आमचं काय हुईल?"

"ते बराबर हाय. पर कोर्टाला आमची तहान का दिसंना?"

"कोर्टाला कागद दिसतो. सुंदररावांच्या वकिलानं सरकारी पाण्याच्या टँकरची वही दाखवली. केळदऱ्याला रोज दोन खेपा. आता सरकारी वकील आपल्याच वहीला खोटी कसा म्हणंल? अन् खाली सही तुझीच हाय बे."

गहिनीनाथाला ती वही आठवली. टँकर नऊ दिवसांत फिरकला नव्हता. पण मागच्या महिन्यात ड्रायव्हरनं वही पुढं केली होती, पुढच्या सगळ्या महिन्याच्या सह्या आत्ताच एकदम कर म्हणाला होता. नाही केल्या तर येतोय तोही टँकर बंद. याला वाटलं, सह्यांनी टँकर बांधून ठेवता येईल. टँकर गेला, सह्या राहिल्या.

बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. म्हातारी बायनाबाई जाता जाता थांबली. "गहिन्या, तुझी दवंडी खोटी कवाच निघाली न्हवती रं," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवस कलता कलता सुंदररावांनी त्याला ओट्यावर बोलावलं. आवाज गोड. "सह्या खोट्या म्हणालास तर नोकरी जाईल, वर आत बसशील. गप ऱ्हा. तुझ्या घरी रोज दोन घागरी मी धाडतो."

तो "बरं" म्हणून उठला. घरी छबुबाईला सगळं सांगितलं. तिनं रिकामी घागर पालथी घातली. मग म्हणाली, "दोन घागरी आपल्या. बायनाबाईच्या घरी काय सांगू?"

उद्याच्या तारखेला जाऊन खरं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण सकाळी कोर्टात काळा कोट पाहिला की आपली दातखीळ बसणार, सुंदरराव समोर दिसले की मान आपोआप खाली जाणार, हे तो स्वतःला ओळखून होता. दिवेलागणीला त्यानं खुंटीवरची हलगी काढली.

काठी पडली तसं गाव दारात आलं. "ऐका हो ऐका..." आणि पुढं, हुकूम कुणाचा ते सांगायच्या जागी, त्याची जीभ अडली.

"हुकूम कुणाचाबी न्हाई हो! मी गहिनीनाथ कोतवाल सांगतो. टँकरच्या वहीतल्या सह्या माझ्या हायत, अन् खोट्या हायत. टँकर आला न्हाई. उद्या बीडच्या कोर्टात मी हेच सांगणार हाय हो!"

गल्लीगल्लीत तेच. सुंदररावांच्या ओट्यासमोर आवाज चिरकला, पण तिथं त्यानं दोनदा सांगितलं.

घरी आला तेव्हा छबुबाई उंबऱ्यात उभी होती. तिचे डोळे भरलेले.

"गावाला सांगून तर आलात. अन् उद्या कोर्टात भ्यालात तर?"

"भिणारच की," हलगी खुंटीला अडकवत तो म्हणाला. "म्हणून तर दवंडी दिली. आता माघारी घेता येत न्हाई."