बिनकाट्यांचं पेटंट

बोलायला सुरुवात करण्याआधी नाना डोक्यावरची टोपी काढून माझ्या टेबलावर उपडी ठेवत. टोपीखाली, पिशवीतून हळूच सरकवलेलं वांगं असे. मग उठून दार लोटून घेत, खिडकीतून बाहेर डोकावत आणि हळूच म्हणत, "हात लावू नका, वकीलभाऊ. पेटंट शे!"

मी तेव्हा जळगावच्या कोर्टात नवाच वकील होतो. अशील नावाचा प्राणी मी इतरांच्या टेबलापाशी पाहिला होता. त्यामुळे वांगं घेऊन का होईना, कुणीतरी आपली पायरी चढलं याचाच मला आनंद झाला होता.

नाना धरणगावकडचे. त्यांच्या कपाशीच्या बांधावर वांग्याचं एक झाड आपोआप उगवलं होतं. भरताचं हिरवं वांगं, हातात मावणार नाही एवढं मोठं, पण देठाला काटा म्हणून नाही. तुम्ही खानदेशातले असाल तर भरताचं वांगं घाईत उचलताना बोटाला काय होतं ते मी सांगायला नको. हे वांगं मात्र खुशाल गालावरून फिरवावं. नाना फिरवतही असत.

'पेटंट' हा शब्द त्यांना औषधाच्या दुकानात मिळाला. खोकल्याच्या बाटलीकडे बोट दाखवून दुकानदार म्हणाला होता, हे पेटंट औषध आहे, दुसऱ्या कुणाला बनवता येत नाही. नाना बाटली तिथेच ठेवून थेट जळगावच्या एस.टी.त बसले.

"नाना, हे वांगं तुम्ही तयार केलं का?" मी कायद्याच्या आवाजात विचारलं.

"नही. सापडनं."

"मग तो तुमचा शोध कसा?"

"शोधं म्हनीसन सापडनं ना!"

इथे माझी गाडी अडली. पेटंटचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. त्याचं म्हणणं साधं होतं: जे निसर्गात होतंच, ते तुम्हाला दिसलं म्हणून तुमचं होत नाही, तुम्ही काहीतरी नवं बनवायला हवं. पण हा फरक मराठीत सांगणार कसा? आपल्याकडे हरवलेल्या म्हशीचाही शोध आणि विजेच्या दिव्याचाही शोधच. मी बराच वेळ घसा कोरडा केला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हाई वांगं कोनी बनाडं?"

"देवानं, असं समजा."

"मंग देवले बलावा. सही त्यानी कराले जोयजे."

मी दुसरीकडून वेढा घातला. "नाना, उद्या कुणी केळीचं पेटंट घेतलं तर? सगळ्या रावेर तालुक्याला त्याच्या दारात उभं राहावं लागेल. असा कायदा बरा का?"

नाना गंभीर झाले. त्यांना ते पटलं असावं. "केयी कोनलेच देऊ नका," ते म्हणाले. "मी वांगंच मांगस."

एवढी धडपड पैशासाठी असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तसं म्हणताच नाना टोपीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "पैसा कोन मांगस? माले नाव जोयजे." गावात विहिरीला कुणाचं नाव होतं, आंब्याला कुणाचं होतं. नानांचं खरं नाव मात्र कुणी घेतच नव्हतं. लहान-थोर सगळे नानाच म्हणत. नावानं हाक मारणारी वडीलधारी माणसं गेली होती, आणि बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. "मन्हं नाव कोन्हाच जिभवर नही, भाऊ. वांगाले तरी ऱ्हाऊ द्या." मला एकदम वाईट वाटलं. हसू दाबून बसलो होतो, ते आपोआप गेलं.

कायदा ऐकेना, तेव्हा नानांनी त्याला बाजूला ठेवलं. मळ्यात भरताची पार्टी केली आणि या वांग्याला आजपासून माझं नाव, असं जाहीर करून टाकलं. कपाशीच्या वाळक्या पराट्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली. जेवताना नाना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत पंगतीतून फिरत होते. बी कुणी खिशात घालून नेईल ही भीती. "नाना, भाजलेलं बी उगवत नाही हो," मी म्हटलं. "लोकसना काय भरोसा?" ते म्हणाले आणि पुन्हा एका पाहुण्याच्या मिशा न्याहाळू लागले.

असा हा कडक पहारा. पण त्याची किल्ली गावाला लगेच सापडली. मळ्याच्या फाटकाशी उभं राहायचं आणि नानांना त्यांच्या खऱ्या नावानं, पुढे 'राव' लावून, मोठ्यानं हाक मारायची. नाना धावत येत, डोळे पुसत आणि ओंजळभर रोपं देऊन टाकत. दोन हंगामांत ते वांगं भडगावापर्यंत पोचलं.

आणि मग नाना एके दिवशी रागानं लाल होऊन माझ्याकडे आले. मागोमाग त्यांच्या घरच्या, अक्का, शांतपणे पायरी चढल्या. "नोटीस काढा," नाना म्हणाले, "हिन्हावर!"

झालं होतं असं की बाजारात वांगी विकायला बसत अक्का. गिऱ्हाईक जात विचारी, आणि अक्कांना ते नाव तोंडानं घेता येईना. घरात सारखा कानावर पडणारा शब्द त्यांनी देऊन टाकला: पेटंट. आता सगळा बाजार "पेटंट घ्या, पेटंट" म्हणून ओरडत होता, आणि नानांचं नाव पुन्हा रेशनकार्डात जाऊन बसलं होतं.

"अक्का, एकदा घ्यायचं की नाव," मी म्हटलं.

अक्का माझ्यावरच उखडल्या. "भर बजारमा मी त्यासनं नाव लिसन वरडू? चांगलं भाजा, सोला, ठेचा, आसं म्हनू?"

 नाना इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. नोटिशीचा विषय तिथेच मिटला.

नाना गेले ते थंडीच्या दिवसांत, ऐन भरताच्या हंगामात. त्यानंतरच्या वर्षी एका कामासाठी धरणगावला गेलो होतो. परतताना बाजारात शिरलो तर अक्का टोपलीमागे बसलेल्या. त्यांच्या रिकाम्या कपाळाकडे मला बघवेना. मी जवळच टेकलो.

एका बाईनं वांगं उचललं. "पेटंट कशी दिली?"

"पेटंट नही शे हाई," अक्का एकदम म्हणाल्या.

"मग कोणती जात?"

अक्कांचे ओठ हलले. शब्द काही बाहेर येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही सांगा ना."

मी अंगावरच्या काळ्या कोटानिशी त्या बाजारात उठून उभा राहिलो. कोर्टातसुद्धा माझा आवाज कधी मागच्या बाकापर्यंत पोचलेला नव्हता. "सुपडू घ्या, सुपडू!" मी ओरडलो. "बिनकाट्याचे सुपडू! भाजा, सोला, ठेचा, सुपडू घ्या!"

आजूबाजूचे भाजीवाले वळून बघायला लागले. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या, रडतही होत्या, आणि दुसऱ्या हातानं मला खुणावत होत्या: अजून मोठ्यानं.