चांद्या कॅमेऱ्याकडे बघेना

गेल्या रविवारी पाटसजवळच्या एका वस्तीवर गेले होते, कुत्र्याचा फोटो काढायला. हसू नका. नवा डिजिटल एसएलआर घेतल्यापासून दौंडमधलं एकही मांजर माझ्या तावडीतून सुटलेलं नाही.

हा फोटो मात्र सरूमामींनी मागितला होता. मामी आमच्याकडे दूध घालतात. महिन्यापूर्वी त्यांचे मालक, म्हणजे आबा, गेले आणि तेव्हापासून आबांच्या चांद्याने भाकरीला तोंड लावलं नव्हतं.

"दूध तेवढं चाटतो. किती दिस टिकंल?" मामी म्हणाल्या. "त्येचा तरी एक फोटू ऱ्हाऊ दे पोरी." आबांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नाही. फोटोने आयुष्य कमी होतं म्हणायचे.

दुपारची वेळ. अंगणात आबांची रिकामी बाज, तिच्यावर घडी घातलेलं घोंगडं, आणि बाजेला खेटून बसलेला चांद्या... बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. मी चुटक्या वाजवल्या, बिस्किट दाखवलं, मांजराचा आवाजसुद्धा काढला. तो माझ्याकडे ढुंकून बघेना. मान वर करून बाजेकडे बघत होता, आणि शेपटी हळूहळू हलवत होता.

रोल संपायची भीती नाही, म्हणून चाळीसेक फोटो काढले. स्क्रीनवर बघते तर चांद्या सगळीकडे पुसट, आणि मागची रिकामी बाज लख्ख! घोंगड्याचा धागा न् धागा दिसत होता. कॅमेरा आपल्या मनाने फोकस धरतो, हे मला माहीत होतं. पण चाळीसच्या चाळीस वेळा बाजेवरच?

मग मी फोटो एकामागून एक सरकवत गेले.

पुसट असला तरी एवढं कळत होतं, की चांद्याचे कान मागे पडले होते, डोळे अर्धे मिटले होते. कपाळावरचे केस एका फोटोत दबलेले, पुढच्यात उभे, त्याच्या पुढच्यात परत दबलेले. वारं म्हणाल तर शेजारच्या उसाचं पानही हलत नव्हतं.

मला तिथून पळून जावंसं वाटलं, खरं सांगते. पण मामींनी कॅमेरा ओढून घेतला आणि डोळ्याजवळ धरून किती तरी वेळ बघत राहिल्या.

"ह्ये असंच डोकं चोळायचं त्येचं," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "धाव्याला कावळा शिवला न्हाई बघ. जमिनीचं बोललो, नातीच्या लग्नाचं बोललो. शेवटी दर्भाचा कावळा केला... ह्या मुक्याचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

कॅमेरा माझ्या हातात देऊन त्या घरात गेल्या आणि भाकरी घेऊन आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या. आबा आजारी असताना बसत असतील, तशाच.

"चांद्याला म्या संबाळते," त्या रिकाम्या बाजेला म्हणाल्या. "माझ्या घासातला घास दीन त्येला. तुमी जावा आता."

काही क्षण काहीच झालं नाही. मग बाजेची सुतळी करकरली... कुणी उठल्यावर करकरते तशी.

चांद्याची नजर बाजेवरून निघाली आणि अंगण ओलांडून हळूहळू फाटकापर्यंत गेली. तिथे थोडा वेळ थांबली. मग तो वळला आणि दुपारभरात पहिल्यांदा त्याने सरळ माझ्या लेन्समध्ये बघितलं. मी बटण दाबलं. कॅमेरा खाली घेऊन बघते, तर तो मामींच्या हातातली भाकरी खात होता.

त्या शेवटच्या फोटोत चांद्या लख्ख आहे आणि बाज पुसट. सेटिंग मी बदललं नव्हतं. बदलायचं कसं, तेच मला येत नव्हतं.

काल दोन प्रिंट घेऊन वस्तीवर गेले. चांद्या भुंकत अंगावर आला, आणि त्याचं भुंकणं ऐकून मला रडूच आलं. मामींनी चांगला फोटो बाजूला ठेवला आणि बिघडलेला उचलला... पुसट चांद्या, लख्ख रिकामी बाज.

"ह्यो भिंतीला लावते," त्या म्हणाल्या. "घरात ह्यांचा फोटूच न्हवता."

बिघडलेले फोटो तिथल्या तिथे डिलीट करायची मला भारी खोड आहे. त्या दिवशी भीतीने हात चालले नाहीत... त्या भीतीचे फार उपकार झाले.