वंदनाताईंना मी ‘निराधार’ लिहिलं

मंडळी, आज आष्टीच्या बाजारात मान खाली घालावी लागली.

आमच्या शिलाई केंद्रासाठी वर्षअखेरचं मदतीचं आवाहन मीच लिहिलं. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक कशानं विरघळतं ते मला कळतं! म्हणून तिथं शिकवणाऱ्या वंदनाताईंचा फोटो टाकून खाली ‘निराधार विधवा’ लिहिलं. देणग्या भराभर आल्या.

आज त्याच समोर उभ्या. “भाऊ, इतक्या पोरीईले शिलाई शिकवली म्या. थे काऊन नाई लिवलं?”

“ताई, लोकाईनं मदत द्यावी म्हणून...”

“पोरीईनं वाचलं थे. आता मले पाहून गप्प होतात. मी नाई येत उद्यापासून.”

मजकूर लगेच काढला. नव्या मशीनही येतील, पण शिकवणारी गेली.

तुम्ही कोणासाठी मदत मागता, तेव्हा लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवता का? मी नाही दाखवलं.