भट्टीच्या आत

भट्टीच्या विटांची माती भिजवली, की तिच्या वासानं मला नागभीडजवळची ती राइस मिल आठवते. ऐन हंगामात लाकडावर चालणाऱ्या बॉयलरच्या भट्टीतल्या विटा ढासळल्या होत्या. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी हौदात धान भिजलेलं, वाफ मिळाली नाही तर सगळं आंबणार, म्हणून मालक हवालदिल. मिस्त्री आले, भट्टीच्या तोंडातून आत शिरायला गेले आणि पोटाशी अडकले. पाय ओढून त्यांना बाहेर काढलं, तर तेच हसत सुटले. मी तिथं माती कालवणारी मजूर. मला म्हणाले, "बाई, तू बारीक आहेस, तूच जाय आत." "मले नाई येत विटा लावता." "मी सांगून राह्यलो ना इथून." मग आत बसून, टॉर्चच्या उजेडात, मी एकेक वीट मातीत बुडवून बसवत गेले. सांधा जाड झाला की बाहेरून आवाज यायचा, "पोळीले तूप लावतेस तेवढीच माती लाव." बारीक जाळावर विटा सुकवल्या, मग मोठा जाळ घातला. एकही वीट हलली नाही. हौदावर वाफ आली, तशी मिस्त्रींनी आपली थापी माझ्या हातात दिली. "ठेव, पुढच्या भट्टीले लागल तुले." आता भट्टी बांधायला गेले, की लोक माझ्या मागं बघत विचारतात, "मिस्त्री कुठी आहे?" मी पदर खोचते आणि आत शिरते.