इरफानचा फासा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, केतकीला नाही, आणि इरफानला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून.

आधी खेळ सांगते. रविवारी दुपारी आम्ही चौघं इंदिरानगरला केतकीच्या हॉलमध्ये जमायचो — केतकी, प्रशांत, इरफान आणि मी. कॉलेजपासूनचे दोस्त. मी गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि पुढे काय होईल हे सांगता येत नाही अशा जागी वीस बाजूंचा फासा टाकायचा. नोकऱ्या-संसार असलेली माणसं, एका खोट्या नदीवरच्या खोट्या पुलासाठी घसा कोरडा करायची! हसा हवं तर. आम्ही आठवडाभर त्या दुपारची वाट बघायचो.

गोष्टीत इरफानची हिरा होती. म्हातारी नावाडीण, तोंडाने फटकळ, कुणाला न भिणारी. वर्षानुवर्षं तो तिलाच खेळत आला होता. तिचं चित्रसुद्धा त्यानेच काढलेलं — डोळे धड होते तेव्हा.

मग आधी त्याला रात्रीचं दिसेना. पुढे दिवसाही नजर आवळत गेली, नळीतून बघावं तशी. शेवटी फाशावरचे आकडेही गेले. तेव्हापासून फासा त्याने टाकायचा आणि आकडा मी सांगायचा. कुणी ठरवलं नव्हतं. मी शेजारी बसायचे, एवढंच.

आणि मग त्या खेळाची नवी एडिशन आली.

मी हौसेनं नियमांचं नवं पुस्तक घेतलं. जुन्या नियमात माणूस जखमी होऊन पडला की एकच फासा — दहाच्या खाली आला की मेला. नव्यात सावरायला पुन्हा पुन्हा संधी होती. मला ते आवडलं. इरफान ऐकेना. "मरायची भीतीच नसेल तर जगण्यात काय मजा, यार?" कितीतरी रविवार खेळ कमी आणि हा वाद जास्त. केतकी-प्रशांत कंटाळून त्याच्या बाजूला गेले, जुनाच नियम राहिला. एवढ्यावर थांबलं असतं. पण तो म्हणाला, "वैशालीला गोष्ट नीट रचता येत नाही, म्हणून तिला मऊ नियम पाहिजेत."

सगळे हसले. मीही हसले. केवढंसं ते वाक्य — त्यावरून कुणी इतक्या थराला जातं का?

मी गेले.

त्या दुपारी हिरा नदीत जखमी होऊन पडली. केतकी चहा टाकायला आत गेली होती, प्रशांत बाल्कनीत फोनवर होता. इरफानने फासा दोन्ही तळव्यांत घोळवला, काहीतरी पुटपुटला आणि टाकला. फासा माझ्या बशीला आपटून थांबला.

सतरा.

मी म्हणाले, "चार."

आणि फासा उचलून मुठीत घेतला.

तो हलकेच म्हणाला, "नीट बघितलंस ना?"

"हो."

मला काय हवं होतं, सांगू? त्याने विनवायला हवं होतं. 'वैशाली, नव्या नियमाने एक संधी दे' — एवढं म्हणाला असता तर तिथल्या तिथे दिली असती. पुस्तक मांडीवर उघडंच होतं. पण तो मान हलवून म्हणाला, "गेली मग. नियम माझाच होता." केतकी चहा घेऊन आली तेव्हा त्याने तिला स्वतःच सांगितलं, आणि हसायचा प्रयत्न केला. तेव्हा बोलता आलं असतं. चुकून वाचलं, म्हणता आलं असतं! मी चहा ओतत राहिले.

पुढच्या रविवारी तोच म्हणाला, आता खेळा नव्या नियमाने. मी जिंकले होते. त्याने दुसरं माणूस घेतलं, पण त्याला नावसुद्धा नीट दिलं नाही. थोड्या दिवसांनी तो यायचा थांबला, आणि मग मालेगावला भावाकडे राहायला गेला.

राग धरून गेला असता तर बरं झालं असतं. तो अजून फोन करतो. व्हिडिओवर औषधाची बाटली धरतो, कधी विजेचं बिल धरतो — "वाच बघू." घरात वाचणारी माणसं आहेत. तरी मलाच विचारतो. मी प्रत्येक आकडा दोनदा वाचते, आणि तो म्हणतो, "एकदाच सांग ना, तुझ्यावर विश्वास आहे."

मागच्या ईदला त्याच्याकडे गेले होते. शीरखुर्मा झाला, पाहुणे बसले होते आणि त्याने हिराच्या मरणाची गोष्ट काढली. काय रंगवून सांगतो! एकच फासा, चार, आणि म्हातारी एक शब्द न बोलता पाण्यात गेली. ही त्याची आवडती गोष्ट झाली आहे. ऐकता ऐकता त्याच्या भाभी माझ्याकडे वळल्या. "आप तो वहीं थीं ना? सच में चार ही आया था, या ये बढ़ा-चढ़ा के बोलते हैं?"

इरफानने मान मी बसले होते त्या दिशेला वळवली. हसत होता.

इंदिरानगरच्या त्या दुपारी मला राग आला होता, असं म्हणता येईल. मालेगावात कसला राग होता? कुणी अपमान केला नव्हता. समोर शीरखुर्म्याची वाटी होती, आणि माझा एक मित्र माझ्या उत्तराची वाट बघत होता.

मी म्हणाले, "हां भाभी. चार ही था."