कामवारीच्या काठाने वर

आमच्या भिवंडीत सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असायचे, आणि गल्लीत इतकी शांतता व्हायची की शेजारच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरातली वाटायची. पण बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आम्ही दोघी बहिणी मराठी शाळेत, त्यामुळे आमची सुट्टी रविवारची. रविवारी सकाळी विहारात वंदना करून, इस्त्रीचे कपडे घालून आम्ही चौघं फिरायला निघायचो, तेव्हा आमचा सगळा निजामपुरा मोहल्ला खडखडत कामाला लागलेला असायचा. मला त्याची फार लाज वाटायची. लोक घामाघूम आणि आम्ही पावडर लावून.

समोरच्या खोलीत एक चाचा राहायचे, आझमगढकडचे विणकर. आवाजासाठी कानात घातलेला कापूस काढत ते दारात यायचे आणि विचारायचे, "कंपाउंडर साहब, काम के दिन किधर?" बाबा म्हणायचे, हवा खायला. त्यावर चाचा म्हणायचे की थोडी आमच्यासाठीही आणा. हे दर रविवारी, शब्दाला शब्द.

जायचो कुठे, तर फार लांब नाही. वऱ्हाळा तलावाच्या काठी बसून चणे खायचे. मंडईतून तीनबत्तीपर्यंत जायचं, काही विकत न घेता दुकानं बघायची. भरतीची वेळ असेल तर बंदरावर जाऊन रेतीच्या होड्या बघायच्या. बाबा पुढे, आम्ही मध्ये आणि आई सगळ्यांत मागे. आई तेव्हा कमी बोलायची. ती वाडा तालुक्याकडच्या खेड्यातली, लग्न होऊन गल्लीत आली. तिथे निम्मं बोलणं हिंदीत, आणि आपली हिंदी ऐकून बायका हसतात असं तिला वाटायचं. त्यामुळे ती घरातही हळूहळू गप्पच झाली होती. आम्हाला तो तिचा स्वभाव वाटायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी अकरा वर्षांची, बहीण सहाची. दिवाळीच्या आदल्या रविवारी आम्ही नदीनाक्याच्या पुलावर उभे होतो. खाली कामवारी. रंगाईच्या कारखान्यांचं पाणी नदीत यायचं, त्यामुळे आज नदी कुठल्या रंगाची असेल हा आमचा नेहमीचा खेळ. मी निळा म्हटलं होतं, बहिणीने गुलाबी. ती जिंकली. जिंकल्यावर ती कठड्याच्या फटीतून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पण नदीचा स्वतःचा रंग कुठला?"

बाबांनी सांगितलं की पाण्याला रंग नसतो, तुझ्या पुस्तकातही तसंच आहे.

"तुम्ही बघितलाय, नसलेला?"

बाबांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. या नदीच्या बाबतीत त्यांनी तो खरंच बघितला नव्हता. तेव्हा मागून आई म्हणाली, "वर जाऊन बघू या की. ती काय पळून जातेय?"

आईने स्वतःहून एखादी जागा सुचवण्याची ही पहिलीच वेळ. बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि घरी पोहोचेपर्यंत बेत पक्का झाला. दर रविवारी नदीच्या काठाने वर चालायचं. उन्हं चढली की जवळच्या रस्त्यावर येऊन एसटी किंवा टेम्पो धरून घरी. पुढच्या रविवारी जिथे सोडलं तिथूनच पुढे. बाबांनी त्याचीही एक पद्धत काढली. दवाखान्यात ते औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी डकवायचे, डोसाच्या खुणा कातरलेली. तशीच एक लांबलचक पट्टी त्यांनी आमच्या भिंतीवर डकवली. एक रविवार, एक खूण. मध्ये शेलार, कवाड, अनगाव अशी गावांची नावं बारीक अक्षरात लिहिली. पट्टीच्या वरच्या टोकाला काहीच लिहिलं नव्हतं.

पहिले दोन रविवार काही सुखाचे नव्हते. काठाने धड वाट नव्हती. वास होता, कचरा होता, एका ठिकाणी चिखलात बाबांची चप्पल रुतली ती निघालीच नाही. कारखान्याची मोरी जिथे नदीत पडायची तिथे आम्ही नाकाला रुमाल लावून थांबायचो आणि बहीण रंग सांगायची. मग एका मोरीच्या वर गेलो तर गुलाबी संपलेलं. पाणी नुसतं गढूळ. पुढच्या रविवारी शेलारच्या पुढे म्हशी डुंबत होत्या आणि पाणी हिरवट दिसत होतं. बाबा म्हणाले, झालं की, रंग गेला. बहिणीने मान हलवली. हिरवट हा रंग आहे, ती म्हणाली. तिचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही पुढे गेलो.

खरं तर तोवर आम्हा सगळ्यांनाच त्याची गोडी लागली होती. भात कापून झालं होतं, खाचरांतून चालायला मजा यायची. गवताच्या गंजी, वीटभट्ट्या, बांधावर तुरीची झाडं. आई सकाळी लवकर उठून भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून घ्यायची. आम्ही पाण्यात पाय सोडून जेवायचो. गल्लीत मला वाटणारी लाज इथे नव्हती. इथे आम्हाला बघायला कुणी नव्हतं, आणि असलं तरी तेही बांधावर निवांत बसूनच बघायचं.

कवाडच्या पुढे मात्र एका शेतकऱ्याने आम्हाला अडवलं. बाबांच्या हातात नेहमी कागद-पेन्सिल असायची. नदीला वळण आलं की ते टिपून ठेवायचे. तो माणूस कोयता घेऊन बांधावरून आला आणि त्याने विचारलं, "सरवेला आलाव काय?"

बाबा म्हणाले, नाही, फिरायला आलोय.

"फिरायला? हितं?" त्याने आमच्या चौघांच्या पायांकडे पाहिलं. "हितं काय हाय फिरायला?"

त्याचा विश्वास बसेना. नवा रस्ता जाणार, गोदामं होणार अशी कुणकुण त्या भागात होती आणि कागद घेऊन येणारा माणूस म्हणजे जमीन जाणार हे ठरलेलं. बाबा जितकं समजावून सांगत होते तितका तो जास्त घाबरत होता. नदीचा रंग बघायला आलोय, हे तर त्याला सरळ थाप वाटली. शेवटी आई पुढे झाली. तिने पदर खोचला आणि त्याच्याच बोलीत त्याला सांगितलं की माझी धाकटी पोर हट्टाला पेटली हाय, तिला नदीचं मूळ बघायचं हाय, दुसरं काय पन न्हाय. मी वाड्याकडची, माझ्या भावाची पन अशीच खाचरं हायत, मी कशाला कुनाची जमीन मोजू?

आईला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. घरात ती आमच्यासारखं, शाळेतल्यासारखं बोलायची, तेही मोजकं. इथे ती थांबेचना. त्या माणसाचं गाव कुठलं, बायकोचं माहेर कुठलं, यंदा भात किती झालं. पाच मिनिटांत कोयता खाली टेकला गेला. थोड्या वेळाने आम्ही त्याच्या ओटीवर बसून काकडी खात होतो आणि बाबा त्याच्या म्हातारीचा खोकला तपासत होते. सोमवारी दवाखान्यात घेऊन या, मी डॉक्टरांना सांगून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. म्हातारी खरोखर आली, आणि येताना दोन जुड्या मेथीच्या घेऊन आली.

त्या दिवसापासून चालण्याचा क्रम बदलला. आई पुढे गेली. वाट विचारायची ती, पाण्यातून कुठे उतरायचं ते ठरवायची ती. चपला पिशवीत टाकून अनवाणी चालायची. बाबा मागून कागदावर टिपत यायचे. "आपली आई काय भरभर चालते," असं बहीण एकदा म्हणाली तेव्हा बाबा म्हणाले, मलाही आत्ताच कळतंय.

माघ संपत आला तेव्हा अनगाव मागे पडलं होतं आणि कामवारी आता नदी म्हणावी अशी राहिली नव्हती. कुठे गुडघाभर डोह, मध्ये नुसते गोटे. सोळाव्या रविवारी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो आणि तिथे तिचे दोन फाटे झाले. दोन्ही कोरडे.

बाबा म्हणाले डावीकडचा. तो रुंद होता. आई म्हणाली उजवीकडचा. का, तर त्या बाजूची झाडं हिरवी आहेत आणि गुरांची वाट तिकडे जाते. बाबांनी रुंदीचा मुद्दा पुन्हा मांडला. मुख्य प्रवाह तोच असणार, हे साधं आहे, असं ते म्हणाले.

"तुम्ही रुंद बघा," आई म्हणाली, "मी ओलं बघते."

भांडण नव्हतं ते, पण कुणी माघारही घेईना. शेवटी ठरलं की बाबा आणि बहीण डावीकडे जातील, आई आणि मी उजवीकडे, आणि तासाभराने फाट्यावर परत भेटायचं. बाबांकडे घड्याळ होतं. आमच्याकडे नव्हतं. आईने सूर्याकडे बघून घेतलं.

आम्ही दोघी गोट्यांवरून चढत गेलो. एवढा वेळ आईबरोबर मी एकटीच अशी कधी नव्हते. ती सांगत होती, लहानपणी गुरांमागे अशीच हिंडायचे, एकदा करवंदांच्या नादात वासरू हरवलं आणि ते माझ्याआधी घरी पोचलं. मी हसले, तीही हसली. मग मी तिला विचारलं की गल्लीत तू अशी का बोलत नाहीस. तिने वाटेतली एक काटेरी फांदी बाजूला केली. म्हणाली, "तिथं सगळं बोलणं लूमच्या आवाजावर चढून करावं लागतं. मला तेवढा जोर लावायला नाही जमत."

पुढे एका उंबराखाली दोन आदिवासी बायका बसल्या होत्या, हंडे घेऊन. त्यांच्यासमोर वाळूत हातभर खोल खड्डा होता. झिरा. एक बाई करवंटीने पाणी काढत होती आणि पाणी तळाशी हळूहळू पुन्हा भरत होतं. आईने विचारलं, याच्या वर पाणी आहे का. "वर न्हाय," ती म्हणाली. "ह्याच्या वर समदा दगड. पावसालीत या, मंग जिथं बघशील तिथं नदी."

आईने मला तिथेच बसवलं आणि ती फाट्याकडे निघाली. बाबा आणि बहीण आधीच येऊन थांबले होते. त्यांचा रुंद फाटा एका खडीच्या खाणीत जाऊन संपला होता. आई त्यांना घेऊन आली तेव्हा बाबांच्या सदऱ्यावर धूळ होती आणि बहिणीचं तोंड उतरलं होतं. तिला मोठा धबधबा वगैरे हवा होता. खड्डा बघून ती म्हणाली, "एवढीच?"

त्या बाईने झिऱ्यातलं सगळं पाणी उपसलं आणि बहिणीला म्हणाली, आता बघ. आम्ही सगळे वाकलो. ओल्या वाळूत आधी काहीच नव्हतं. मग वाळू नुसती चमकली, मग कडेला एक धागा सरकला, आणि बघता बघता ओंजळभर पाणी जमलं. तळाचा वाळूचा कण न् कण दिसत होता. बहिणीने ओंजळ भरली, डोळ्यांजवळ नेली, हातांवरच्या रेषा त्यातून बघितल्या आणि पिऊन टाकलं. मग बाबांना म्हणाली, तुमचं बरोबर आहे.

बाबा म्हणाले, "माझं कुठलं? मी तुला खाणीत घेऊन गेलो होतो." आणि त्यांनी खिशातला कागद आणि पेन्सिल काढून आईच्या हातात दिली. पट्टीच्या वरच्या टोकाला चढवायचं ठिकाणाचं नाव तू लिही, म्हणाले. त्या बायकांना विचारून आईने लिहिलं, उंबराचा झिरा. तिचं अक्षर सुंदर होतं. हेही मी विसरून गेले होते.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो, मग गणेशपुरीला, मग ठाण्याला तलावपाळीवर होडीत बसायला. जागा आई ठरवायची. एसटीत शेजारी बसणाऱ्या बाईशी ती बोलायला लागली, मग गल्लीतल्या बायकांशी. तिची हिंदी होती तशीच राहिली. "कल हम गया था," असं ती खुशाल म्हणायची आणि बायका हसल्या तर तीही हसायची. चाचांची बीबी गावाहून आली तेव्हा तिला मंडई दाखवायला आईच घेऊन गेली. घरकामाला सुट्टी नसल्यामुळे दोघींना रविवार-शुक्रवार सारखेच होते.

पुढे पाच-सहा वर्षांनी विहारातल्या बायकांनी महिन्यातून एकदा सहल काढायचं ठरवलं आणि पुढारीपण आईकडे आलं. पहिली सहल लोनाडच्या बौद्ध लेण्यांची. मी कॉलेजात होते, हौसेने गेले. बावीस बायका, दोन टेम्पो. लेण्यांपर्यंत चढायचं होतं. काहींनी दहा-दहा वर्षांत घर, बाजार आणि लग्नघर याखेरीज काही पाहिलं नव्हतं. अर्ध्यावर एक जाडशा मावशी दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, माझ्याने होत नाही, तुम्ही जाऊन या, मी इथूनच नमस्कार करते. आईने त्यांना आग्रह केला नाही. ती त्यांच्या शेजारी बसली आणि सगळ्यांना सांगितलं की बसा, काकड्या काढा, आपल्याला कुठे ड्युटी गाठायची आहे. बावीसजणी उन्हात तिथेच बसल्या. मीठ फिरलं, गप्पा झाल्या. अर्ध्या तासाने मावशी आपणहून उठल्या, साडीला लागलेली माती झटकली आणि आईला म्हणाल्या, "चल गं, बसून बसून पाय दुखले."