चांगुणा जमिनीवर बसली

चांगुणा ओरडली तेव्हा आमच्या सासूचं प्रेत मधल्या खोलीत होतं आणि भोवती कोळीवाड्यातल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. असं ओरडली की बाहेर तिरडी बांधणारे पुरुष हात थांबवून आत डोकावले. बायकांना वाटलं, धाकट्या सुनेला दुःख आवरत नाही. त्यांनीही गळे काढले. एक म्हातारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ गो, हिला कसा कलवला आलाय! तुज्या डोल्यांत टिपूस नाय." पण मी चपापले. आमच्या सासूसाठी चांगुणाने असं ओरडणं शक्यच नव्हतं. त्या बाईने हिला जन्मात कधी धड घासभर सुखाने खाऊ दिलं नव्हतं... मी कोपराने बायकांना सारत पुढे गेले. चांगुणा सासूच्या उशाशी एका अंगावर कलंडली होती. उजवा पाय आत वळलेला आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. मला बघून म्हणाली, "बाय, खुबा निखलला गो."

त्या खुब्यात आदल्या वर्षीच नवा सांधा बसवला होता. जमिनीवर बसू नकोस असं डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं. तिची मुलगी सुमन त्या दिवशी तिला डोंबिवलीहून आणताना घडीची खुर्ची घेऊन आली होती, तीही उघडून भिंतीशी ठेवली होती. पण आमच्यात प्रेताजवळ कोणी उंचावर बसत नाही. त्यात एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "सासू भुईवर आन् सून खुर्चीवर? आता ह्येच बघायचं रायलंय!" ते तोंड कोणाचं हे मला ठाऊक आहे. ती अजून जिवंत आहे, म्हणून नाव लिहीत नाही. चांगुणाने ते ऐकलं, भिंतीला धरलं आणि खाली बसली. त्या दिवशी आमच्या घरातून दोघींना उचलून बाहेर नेलं. आधी चांगुणाला, बाजेवर घालून. नाक्यापर्यंत लोक तिलाच प्रेत समजून हात जोडत होते.

ही माझी धाकटी जाऊ. मागच्या महिन्यात गेली. सकाळी उठली नाही, एवढंच. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते तिच्या पायाबद्दल, कारण तिच्यामागे लोक काहीबाही बोलत आहेत.

आम्ही दोघी ठाण्याच्या बाजारात मासळी विकायचो. दोघींचे नवरे लवकर गेले, त्यामुळे घरात सासू आणि बाजारात टोपली, एवढंच आमचं जग होतं. घराघरात रंगीत टीव्ही यायला लागले त्या सुमारास चांगुणाचा खुबा दुखायला लागला. आधी तेल चोळलं, मग शेक दिला, मग गंडा बांधला. दुपारी धंदा उरकल्यावर जागेवरून उठताना ती पदर दातांत धरायची. पुढे पुढे मी आणि शेजारची अशा दोघीजणी तिला काखेत हात घालून उभी करायचो. शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी फोटो बघितला आणि सांधा बदलायला हवा म्हणाले. चांगुणाने विचारलं, "मंग दुकायचं थांबेल?" ते म्हणाले, थांबेल. पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर अजिबात बसायचं नाही.

"मंग बसू कुटं? झाडावर?" चांगुणा म्हणाली.

डॉक्टर हसले. ती हसली नाही. कापण्याची तिला भीती नव्हती, जन्म कापण्यातच गेला होता. पण कोळीण बसते ती खालीच. पुढ्यात टोपली, विळीच्या पाटावर पाय दाबलेला, गिऱ्हाईक वाकून मासा बघणार. खुर्चीवर बसून पायाखाली विळी धरता येत नाही. शिवाय तेव्हा आमच्या वाड्यात संडास सार्वजनिक आणि तिथेही उकिडवंच बसायचं. म्हणजे पाय बरा करून घ्यायचा तर बाजार सोडायचा आणि घरही सोडायचं, मुलीकडे डोंबिवलीला जायचं. दोन वर्षं ती ह्याच विचारात होती. रोज मला विचारायची, "बाय, काय करू?" मी रोज तेच सांगायचे, "करून घे. रांगत बाजारात येणार आहेस का?" आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. सासू म्हणायची, "आमच्या टायमाला नवता कुनाचा खुबा बदलत." तिचे स्वतःचे दोन्ही पाय शेवटपर्यंत धड होते.

अखेर एका सकाळी पापलेटची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली असताना तिला लघवी आवरली नाही, कारण वेळेवर उठता आलं नाही. त्या दिवशी तिने ठरवलं. ऑपरेशन चांगलं झालं, हे मी मुद्दाम लिहिते. जुनं दुखणं गेलं. ती सुमनच्या घरी राहिली. तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक, खुर्चीसारखा संडास, जावई गरीब गाय. मी भेटायला जायचे तेव्हा चांगुणा गॅलरीत खुर्चीवर बसलेली असायची. "पाय कसा आहे?" "पाय बरा हाय. मीच बरी नाय. हिकडच्या बायका दार लावून बसतात गो. बोलू कुनाशी, पंख्याशी?" एकदा तिने सुकट भाजली, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली येऊन गॅस गळतोय का विचारलं. तेवढं सांगताना मात्र ती पोट धरून हसली. वर्ष झालं की डॉक्टर काय म्हणतात ते बघू आणि परत ठाण्याला येऊ, असं तिच्या मनात होतं... आणि सासू मेली.

निखळलेला सांधा भूल देऊन परत बसवला. पण मग नवं दुखणं लागलं ते मांडीतून खाली उतरणारं. बसलं तरी दुखे, पडलं तरी दुखे. डॉक्टर म्हणाले, नव्या सांध्याची आतली वाटी हललेली दिसते, पुन्हा उघडावं लागेल. चांगुणाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, दुखायचं थांबेल का? ह्या वेळी ते म्हणाले, "बहुतेक." माणूस खरा होता, खोटं सांगून तिला टेबलावर घेतलं नाही. बाहेर येऊन ती बाकड्यावर बसली. सुमन रडत म्हणाली, "आये, कर ना. मी बघीन तुझं सगळं."

"तू बघशील गो. पन बहुतेकासाठी मी परत त्या गॅलरीत नाय बसायची. दुकायचंच असंल तर माज्या घरात दुकू दे."

मी तिच्याशी भांडले. अडाणी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि रिक्षात बसताना म्हणाली, "तुजं झालं? मंग आता सुताराकडं चल."

सुताराने दोन वस्तू केल्या. एक संडासात न्यायची, मध्ये भोक पाडलेली खुर्ची. सकाळी ती काठी टेकत पुढे आणि मी खुर्ची घेऊन मागे, अशी आमची वरात निघायची. दुसरं, बाजारासाठी उंच स्टूल. सगळ्या बायका खाली आणि ही वर. पहिल्या दिवशी समोरची म्हणालीच, "काय गो आमदारीनबाय, गरिबांकडं बघशील का नाय?" "मत दिलास तर बघीन," चांगुणा म्हणाली. ती वरून भाव सांगायची, मी खाली बसून मासे कापायचे. असे आम्ही बरेच पावसाळे काढले. दुखणं कमी झालं नाही. थंडीत वाढायचं. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, ओठ पांढरे पडायचे, मग पुन्हा तिथूनच बोलणं पुढे... गिऱ्हाइकाला वाटायचं, भाव कमी करायचा विचार करतेय.

एकदाच मी तिला विचारलं, दुसरं ऑपरेशन करायला हवं होतं असं वाटतं का? म्हणाली, "दुकतं तवा वाटतं." थोड्या वेळाने म्हणाली, "दुकतं तर रोजच." मग गिऱ्हाईक आलं.

तिच्या तेराव्याला जमलेले लोक म्हणत होते, त्या ऑपरेशनाने तिची वाट लावली. काही म्हणत होते, दुसरं केलं असतं तर सुखाने जगली असती. सुमनला वाटतं, आपण आईला ओढून डोंबिवलीला न्यायला हवं होतं. एक बाई तर म्हणाली, सासूच्या तळतळाटाने झालं. मी सगळ्यांना चहा दिला. ह्यातल्या कोणाचाच खुबा निखळला नव्हता. माझाही नाही. दुखत होतं चांगुणाला, आणि ते तिने मरेपर्यंत काढलं.